शुक्रवारचे परुळेकर

गळाला मासा लागला की परुळेकरांचा आवाज खाली यायचा. खाडीवर येणारे बाकीचे लोक ओरडायचे, एकमेकांना हाका मारायचे. परुळेकर पुटपुटायला लागायचे, आणि तेही मालवणीत. एरवी आमच्याशी ते स्वच्छ मराठी बोलत, ऑफिसात हिंदी-इंग्रजी, दुकानात मोडकंतोडकं अरबी. मालवणी दोघांसाठीच राखून ठेवलेली होती, माशासाठी आणि फोनवर बायकोसाठी. "इलो रे इलो. ये. माका घाई नाय. ये," असं चाललेलं असायचं आणि काठी कमरेशी आडवी धरून ते पाऊल पाऊल मागे सरकत असायचे.

शारजात ते आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहत. म्हणजे त्यातल्या एका खोलीत. बाकीच्या खोल्यांतून कंपनीतलेच इतर बॅचलर. बायकामुलं गावी ठेवून आलेला माणूस, मग तो कितीही वयाचा असो, तिकडे बॅचलरच. परुळेकर चाळिशी ओलांडलेले, वेंगुर्ल्याकडचे, जबल अलीतल्या एका पॅनल बनवणाऱ्या कंपनीचं स्टोअर सांभाळायचे. माझा नवरा मिलिंद त्याच कंपनीत डिझाइनला. नव्वदच्या दशकाचा तो मधला काळ. सकाळी दोघं परुळेकरांच्या जुन्या पांढऱ्या गाडीतून निघत आणि संध्याकाळी शारजाच्या जाममधून दमून परत येत. त्या जाममध्येच त्यांची मैत्री जमली. तासन्‌तास शेजारी बसून दोन माणसं एक तर भांडतात, नाहीतर एकमेकांची होतात.

मी त्यांना भाऊजी म्हणायचे, ते मला वहिनी. जेवायला बोलावलं की आधी नको म्हणायचे, मग यायचे आणि यायचे ते हात हलवत कधीच नाही. दह्याचा डबा, खुबूसच्या रोट्या, नाहीतर खारवलेले मासे. आमची केतकी तेव्हा केजीत होती. ती त्यांच्याशी इंग्रजीत बोलायची आणि ते मराठीत उत्तर द्यायचे. कोणाचंच काही अडायचं नाही.

मिलिंद एकदा खोर फक्कानच्या साइटवर असताना केतकीच्या पोटात दुखायला लागलं. मी समोरचं दार वाजवलं. परुळेकर दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण तसाच, त्यांनी तिला उचललं आणि हॉस्पिटलात नेलं. अपेंडिक्स निघालं. ऑपरेशन होईपर्यंत ते माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून होते. मधे एकदा म्हणाले, "वहिनी, तुम्ही घाबरा हवं तर. मी नाही घाबरत, म्हणजे एक जण तरी ठीक राहील." गालावरचा साबण वाळून पांढरा झाला होता. मी तो माणूस तेव्हा भावासारखा मनात ठेवला. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं सांगायचं तर हे सोडून चालणार नाही.

शुक्रवारी सकाळी आम्ही उम-अल-क्वैनच्या खाडीवर जायचो. तिवरांमधून आत शिरलेलं उथळ, हिरवट पाणी. ओहोटी लागली की मधली खोल धार स्पष्ट दिसायची. मी काठावर चटई टाकून बसायचे, केतकी शिंपले गोळा करायची आणि हे दोघं गुडघाभर पाण्यात.

परुळेकर लहानपणापासून कोलंबी लावून मासे पकडत आले होते. पण कंपनीतल्या एका फिलिपिनो इलेक्ट्रिशियनने त्यांना धातूचं पातं दाखवलं आणि ते कोलंबी विसरले. बोटभर लांबीचा, माशाच्या आकाराचा चपटा पत्रा. पाठीवर भोक, त्यात दोरी. पोटाखाली आणि शेपटाशी तीन काट्यांचा एकेक गळ. पाण्यात टाकायचं, तळाला जाऊ द्यायचं, मग काठीचं टोक अलगद वर उचलायचं. पातं थरथरतं, ती थरथर मुठीत कळते. पुन्हा खाली जाऊ द्यायचं. मासा बहुतेक वेळा त्या खाली जाण्यातच तोंड घालतो.

"लागतात सगळ्यांना," ते मिलिंदला सांगायचे. "हातात येतात किती, ते सांग."

मिलिंदच्या हातात सुरुवातीला एकही येत नसे. मासा लागायचा, काठी वाकायची, आणि दोन झटक्यांत दोरी सैल. परुळेकरांनी त्याला कारण समजावलं होतं. पातं जड असतं. माशाने डोकं झटकलं की ते इकडून तिकडे हेलकावतं आणि त्या हिसक्याने गळ तोंडातून उचकटतो. कोलंबीच्या साध्या गळाला ही भानगड नसते. म्हणून माशाला डोकं झटकायला वावच द्यायचा नाही. दोरीला ढील पडू द्यायची नाही, पण ओढायचंही नाही. मासा पळाला तर रिळाने दोरी सोडावी, इतपत ते हलकं लावून ठेवायचं. काठी उंच न धरता पाण्यालगत आडवी धरायची, म्हणजे मासा वर येऊन उसळी मारत नाही. आणि काठाशी आला म्हणून दोरीला धरून उचलायचा मोह आवरायचा. दांड्याची जाळी पाण्याखाली धरून डोक्याकडून आत घ्यायचा.

नवं पातं विकत आणलं की त्याचे गळ ते घरी येताच काढून टाकत आणि आपले बारीक तारेचे, धारदार गळ चढवत. प्रत्येक काट्याचं टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून बघत. घसरलं तर कानशीने घासत. पालू हा मासा लागला तर एकेका काट्याची वाट लावायचा, इतका त्याचा जबडा दणकट. आठवडाभर जेवणानंतर आमच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यांचं हे काम चाललेलं असायचं.

सगळ्यात मोठा मासा मात्र आमच्या की त्यांच्या, कोणाच्याच घरी जात नसे. तो बर्फात घालून शनिवारी कंपनीच्या जीएमच्या घरी जायचा. मिलिंद चिडवायचा, "साहेबांचा हप्ता निघाला." परुळेकर हसायचे. "अरे, साहेबाच्या बायकोला आवडतो हमूर. आपलं काय जातंय?"

दुपारी परतल्यावर ते कार्ड घेऊन आमच्या फोनवरून गावी फोन लावत. नंदाशी, म्हणजे बायकोशी, पोटभर मालवणी. मग मुलीला, मुग्धाला, बोलवायला सांगत. मुग्धा दोन वर्षांची असताना ते आखातात आले होते, आता ती पाचवीत होती. दोन वर्षांतून एकदा सुट्टीवर गेले की दिसणारी. "मुग्धा, मी बाबा," ते म्हणत. पलीकडून काहीतरी बारीक आवाज. "अभ्यास कसा चाललाय?" पुन्हा बारीक आवाज. मग, "बरं, आईला दे." एवढंच. फोन ठेवल्यावर ते थोडा वेळ फोनकडे बघत बसायचे. एकदा मला म्हणाले, "वहिनी, मी सुट्टीवर गेलो ना, की ती माझ्यासाठी पाणी आणून ठेवते. ट्रेमधून. पाहुण्याला देतात तसं."

बायकामुलांना बोलवायचं तर कंपनीत अमुक एक ग्रेड लागायची. परुळेकर त्या ग्रेडच्या एक पायरी खाली होते आणि वर्षानुवर्षं तिथेच होते. दर वर्षी अर्ज करत. दर वर्षी जीएम म्हणायचा, "इन्शाल्ला, नेक्स्ट इयर."

मिलिंदला अबू धाबीच्या एका कंपनीची ऑफर आली ती त्याच सुमारास. काम चांगलं, पद वरचं. पण तेव्हाचे नियम असे, की चालू कंपनीने ना हरकत दिली तरच नोकरी बदलता यायची. कंपनीने मनात आणलं तर बॅन लागून माणूस सरळ मायदेशी. पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत. म्हणून आधी नव्या कंपनीकडून सगळं पक्कं करून घ्यायचं, मग योग्य वेळ पाहून जीएमशी बोलायचं, असं मिलिंदने ठरवलं होतं. घरात आम्हा दोघांखेरीज हे कोणाला ठाऊक नव्हतं. तिसऱ्या माणसाला सांगितलं ते खाडीवर, थर्मासमधला चहा पिताना.

परुळेकर ऐकत राहिले. मग म्हणाले, "चांगलं झालं. तू इथे कुजायच्या लायकीचा नाहीस. पण मिलिंद, आता तोंड बंद. वहिनी, तुम्हीसुद्धा. मंडळाच्या गणपतीत चुकूनही नाही बोलायचं." त्यांनी कपातला उरलेला चहा वाळूत ओतला आणि पाण्यात गेले.

काही आठवड्यांनी जीएमने मिलिंदला केबिनमध्ये बोलावलं. मिलिंद त्या दिवशी भर दुपारी टॅक्सीने घरी आला. सोफ्यावर बसून त्याने बूटही काढले नाहीत. म्हणाला, "त्याला सगळं माहीत आहे. कंपनीचं नाव, पद, सगळं. वर म्हणतो, तू आमची ड्रॉइंग्ज त्यांना देणार होतास. खलास, म्हणाला. व्हिसा कॅन्सल."

ड्रॉइंग्जचं कुठून आलं ते आम्हाला कळेना. मिलिंदने ऑफिसचा एक कागदही कधी घरी आणला नव्हता.

संध्याकाळी परुळेकर धावत आले. डोक्याला हात लावून बसले. "कोणी केलं असेल हे?" मिलिंद म्हणाला, मला काही सुचत नाही. परुळेकर बराच वेळ विचार करून म्हणाले, "त्या कंपनीचा फॅक्स ऑफिसात आला होता का?" एकदा आला होता. "मग जोसेफ. फॅक्स त्याच्या टेबलावरून जातो."

जोसेफ त्यांच्या ऑफिसातला टायपिस्ट, भला माणूस, ख्रिसमसला केक आणून देणारा. मिलिंदने दुसऱ्या दिवसापासून त्याच्याकडे बघणं सोडलं.

बॅन लागला. अबू धाबीवाल्यांनी खेद कळवला. केतकीच्या शाळेचं वर्ष संपेपर्यंत राहायची आणि तोवर कामावर यायची मुभा कशीबशी मिळाली आणि आम्ही घर आवरायला घेतलं. त्या दिवसांत परुळेकरांनी आमच्यासाठी जे केलं ते सख्ख्या माणसाने केलं नसतं. स्टोअरमधून मजबूत खोके आणले. फ्रिजला, सोफ्याला गिऱ्हाईक शोधलं. कार्गोवाल्याशी भांडले. माझी भांडी वर्तमानपत्रात गुंडाळताना एकेक कप उजेडात धरून तडा बघत होते.

मधेच एक दिवस ते दारात उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनी, नंदाचा व्हिसा झाला. ग्रेड मिळाली." आम्ही आमचं दुःख बाजूला ठेवून शिरा केला. खरोखर आनंद झाला होता मला. आम्ही चाललो, पण ह्यांचं घर लागतंय, असं वाटलं. त्यांनी शिऱ्याचा एक घास घेतला आणि बशी खाली ठेवली. गहिवरले असतील, असं मी धरून चालले.

नंदा आली ती आमच्या निघण्याच्या थोडे दिवस आधी. वरच्या मजल्यावर त्यांना फ्लॅट मिळाला होता. दुसऱ्याच दिवशी सकाळी, पुरुष कामावर गेल्यावर, ती मुग्धाला घेऊन माझ्याकडे आली. आंबोळीचं पीठ, कोकमं, घरचे काजू. हसरी, बोलकी बाई. फोनवर ऐकलेल्या आवाजाला आता चेहरा मिळाला. मुग्धा सोफ्याच्या कडेवर बसून बिस्किट कुरतडत होती.

"ताई, इतकी वर्षं ह्यांना जेवायला घातलंत. मी कशी फेडू?"

"काहीतरीच. ते आमच्या घरचेच आहेत."

"तुम्ही निघालात, मला वाईट वाटतंय. हे म्हणाले, मुलीच्या शाळेसाठी जाताय ठाण्याला. बरोबर आहे म्हणा, शिक्षण तिकडचंच." तिने चहाचा घोट घेतला. "मी तर आशाच सोडली होती, ताई. ग्रेड नाही, ग्रेड नाही, दर वर्षी तेच. मग एकदा फोन आला, 'नंदा, जमलं बहुतेक.' ह्यांच्या कंपनीतला कोणी इंजिनिअर म्हणे सगळी ड्रॉइंग्ज घेऊन दुसऱ्या कंपनीत पळणार होता. ह्यांनी वेळेवर साहेबांच्या कानावर घातलं. साहेब इतके खूश झाले, म्हणाले, परुळेकर, तुझी फॅमिली बोलाव."

मी विचारलं, "कोण इंजिनिअर? नाव सांगितलं का?"

"नाव नाही सांगितलं बाई. मिलिंदभावोजींना ठाऊक असेल, त्यांच्याच ऑफिसातला ना."

मुग्धाने मला विचारलं, "काकू, अजून एक घेऊ?" मी बिस्किटांची बशी तिच्याकडे सरकवली. नंदाला मी काही बोलले नाही. पुढेही कधी बोलले नाही. ती ज्या सुखात बसली होती ते कशाचं होतं हे तिला सांगून मला काय मिळणार होतं? आणि त्या मुलीचं तर काहीच चुकलं नव्हतं.

मिलिंदला सांगितलं तेव्हा तो खोके बांधत होता. त्याने दोरीची गाठ मारून पूर्ण केली. मग म्हणाला, "शुक्रवारी खाडीवर जाऊ. शेवटचं."

"कशाला?"

"जाऊ."

परुळेकरांच्याच गाडीने गेलो. नंदा आणि मुग्धा प्रवासाने दमल्या होत्या, त्या घरीच राहिल्या. वाटेत परुळेकर अखंड बोलत होते, कार्गोबद्दल, ठाण्यातल्या नोकऱ्यांबद्दल. ओहोटी लागलेली होती. दोघं पाण्यात उतरले. मी केतकीला दूर शिंपल्यांकडे पाठवलं आणि काठाशी जाऊन उभी राहिले.

थोड्या वेळाने मिलिंदची काठी वाकली. चांगलाच मोठा मासा होता. रीळ कर्रकन फिरायला लागलं. परुळेकरांनी आपली काठी वाळूत फेकली, जाळी उचलली आणि त्याच्या शेजारी आले. जुन्या सवयीने आवाज खाली गेला.

"पळू दे. पळू दे त्याला. काठी खाली."

मिलिंद पाण्याकडे बघत म्हणाला, "नंदावहिनींनी हिला सांगितलं. साहेबांच्या कानावर कोणी घातलं ते."

परुळेकरांच्या हातातली जाळी हलली नाही. रीळ फिरायचं थांबलं.

"ढील पडतेय," ते म्हणाले. "गुंडाळ. हळू."

"तुम्ही सांगितलंत?"

"डावीकडे वळव. तिवरांत शिरेल." मग तितक्याच खालच्या आवाजात, "हो. मी सांगितलं."

"ड्रॉइंग्जचं?"

"नुसतं जाणार आहेस म्हणून सांगितलं असतं, तर साहेबाला त्याचं काही वाटलं नसतं." ते पुढे सरकले, जाळी पाण्याखाली घातली. "वर उचलू नको. डोकं पाण्यातच राहू दे. मिलिंद, तुला दुसरी मिळाली असती रे नोकरी. तू शिकलेला आहेस, तरुण आहेस. माझी मुलगी मला पाणी ट्रेमधून देत होती."

"आणि जोसेफ?"

मासा काठाशी आला होता, चंदेरी, रुंद पाठीचा पालू, जबड्याशी पातं लखलखत होतं. त्याने एकदा जोरात डोकं झटकलं. मिलिंदने काठी आडवीच ठेवली, दोरी ताणलेलीच ठेवली, शिकवलं होतं अगदी तसं. परुळेकरांनी डोक्याकडून जाळीत घेतला. गळ कसाबसा एका काट्यावर अडकलेला होता. ते बघून, काय म्हणावं ह्या माणसाला, त्यांच्या तोंडून निघून गेलं, "बघ, राखलास."

मिलिंद काठी तिथेच पाण्यात टाकून बाहेर आला.

परतायला दुसरी गाडी नव्हती. आम्ही त्यांच्याच गाडीत बसलो. वाटेत अजमान लागलं. केतकीने मागून विचारलं, "अंकल, व्हाय आर यू क्राइंग?" परुळेकर म्हणाले, "ऊन लागतंय डोळ्यांना." आणि त्यांनी समोरची झडप खाली केली.

निघायच्या आदल्या दिवशी मिलिंद जोसेफला जाऊन भेटला. जोसेफ म्हणाला, "साब, मैंने कुछ नहीं किया था." मिलिंद म्हणाला, "मालूम है." त्याने जोसेफचा हात बराच वेळ धरून ठेवला होता, असं नंतर मला सांगितलं.

ठाण्यात मिलिंदला नोकरी मिळायला वेळ लागला, पण मिळाली. नोकरी गेल्याचं दुःख केव्हाच विरलं. मला आजही उमजत नाही ते वेगळंच आहे. तो माणूस माझे कप उजेडात धरून तडे शोधत होता, तेव्हा त्याच्या मनात काय चाललं असेल? तो सगळा देखावा असता तर मला सोपं गेलं असतं. तो देखावा नव्हता. हॉस्पिटलातला, गालावर साबण वाळलेला माणूस खरा होता आणि ज्याने माझ्या नवऱ्याला चोर ठरवलं तोही खरा. मी दोघांना वेगळं करायचा पुष्कळ प्रयत्न केला. राग करायला बसले की साबण आठवतो. माया वाटायला लागली की जोसेफ आठवतो.

निघालो त्या सकाळी नंदा खाली आली होती. तिने माझी ओटी भरली, डोळे पुसले. ऐनवेळी परुळेकरांना लवकर कामावर जावं लागलं, असं तिने सांगितलं. सामान भरून टॅक्सी निघाली. कोपऱ्यावरच्या बकाल्याशी, म्हणजे किराणा दुकानाशी, सिग्नलला थांबली, तर ते तिथे उभे होते. शाळेच्या बसची वाट बघत. मुग्धाचं नवंकोरं दप्तर त्यांच्या खांद्यावर होतं. मुग्धा शेजारी, त्यांच्या शर्टाची बाही धरून.

तिने केतकीला ओळखलं आणि हात हलवला. परुळेकरांनी आमच्याकडे पाहिलं. काच वर होती. ते दोन पावलं पुढे आले. मिलिंदने मान समोर वळवली. वाटलं, आता काच ठोठावतील, काहीतरी बोलतील, आणि मग काय करायचं ते मला सुचेना. पण ते खिडकीशी आलेच नाहीत. वळसा घालून गाडीच्या मागे गेले. खोक्यांमुळे डिकी नीट लागली नव्हती, एका बाजूने उघडी राहिली होती. त्यांनी आतलं खोकं आत ढकललं, दोन्ही हातांनी दाबून डिकी बंद केली, आणि ड्रायव्हरला कळावं म्हणून वर दोनदा थाप मारली.

सिग्नल सुटला. पठाण ड्रायव्हरने आरशात बघून हात वर केला आणि म्हणाला, "शुक्रिया, भाईसाब."